‘नाइट मेल’ : एका अनुबोधपटाची साक्ष
लंडनहून स्कॉटलंडकडे रात्री धावणाऱ्या टपालगाडीवरील ‘नाइट मेल’ हा अनुबोधपट ब्रिटिश टपालखात्याच्या चित्रपट विभागाने १९३६ साली काढला. हॅरी वॉट व बेसिल राइट हे त्याचे दिग्दर्शक. गाडीत पत्रांची वर्गवारी करताना दिसणारे कर्मचारी खरे. डबा मात्र स्टुडिओत उभारलेला व त्याचे हेलकावे कृत्रिम. तेवढ्यावरून हे साधन त्याज्य ठरत नाही. डब्याच्या गतीविषयी त्याची साक्ष ग्राह्य नसली, तरी सराईत हातांच्या कामाविषयी ती मोलाची आहे. रुळांकडेच्या खांबाला टांगलेल्या टपालपिशव्या धावत्या गाडीच्या जाळीत झेलण्याची पद्धत १९७१ साली बंद पडली; फिरती टपालकचेरीही २००४ साली संपली. त्यामुळे या साक्षीचे मोल वाढले आहे. अभ्यासकाने मात्र तिच्यातील प्रत्येक दृश्य स्वतंत्रपणे पारखणे अगत्याचे होय.