नोकरी सोडली, पुढे काय? ताराबाई मोडक आणि आपल्या अंगणवाडीची गोष्ट

"लाखोंचं पॅकेज सोडून गरीब मुलांसाठी झटणारा तरुण..." असा फॉरवर्ड महिन्यातून एकदा तरी प्रत्येकाच्या फोनवर येतोच. आपण हात जोडतो आणि तो पुढे ढकलतो. अशा लोकांबद्दल मलाही आदर आहे. पण या गोष्टी नेमक्या राजीनाम्यापाशी संपतात. पुढे त्या मुलांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. म्हणून आज एक जुनी गोष्ट सांगतो. आपल्याच पालघर जिल्ह्यात येऊन थांबलेली. जरा लांब आहे, पण वाचा.

सुरुवात सौराष्ट्रात होते. गिजुभाई बधेका हे वढवाणचे वकील. तरुणपणी पूर्व आफ्रिकेत नशीब काढायला जाऊन आलेले, मग मुंबईत कायदा शिकून वकिलीत जम बसवलेला. १९१३ साली मुलगा झाला आणि त्याला कसं वाढवायचं, कुठल्या शाळेत घालायचं या विचारातून ते मादाम मॉन्टेसरींच्या पुस्तकांपर्यंत पोचले. १९१६ मध्ये वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू झालं. छडीच्या जोरावर शाळा चालायच्या त्या काळात मुलांना न मारणारी, गोष्टी सांगणारी, गाणी म्हणणारी शाळा. गुजरातेत लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणायला लागले.

त्याच सुमारास राजकोटला एक मराठी बाई मोठ्या हुद्द्यावर होत्या. ताराबाई मोडक, माहेरच्या केळकर. जन्म मुंबईचा, १८९२ सालचा. १९१४ मध्ये बी.ए. झाल्या. अमरावतीच्या वकिलांशी लग्न झालं, पण १९२१ मध्ये नवराबायको वेगळे झाले. त्यानंतर राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या. जरा विचार करा. १९२० च्या दशकातली नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई, पदरात लहान मुलगी, आणि हातात प्राचार्यपद. पगार, मान, स्थैर्य, सगळं होतं. तिच्यासाठी ती नोकरी चैनीची गोष्ट नव्हती, पायाखालची जमीन होती.

१९२३ मध्ये त्यांनी ती सोडली आणि भावनगरला गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या.

फॉरवर्ड असता तर इथे संपला असता. खरी गोष्ट इथून पुढे पन्नास वर्षं चालते.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मासिक निघालं, शिक्षिका तयार करण्याचे वर्ग सुरू झाले. १९३६ मध्ये ताराबाई मुंबईत आल्या आणि दादरला शिशुविहारचं काम सुरू केलं. शाळा नावारूपाला आली. पण तिथे येणारी मुलं बहुतेक मध्यमवर्गीय घरांतली. मॉन्टेसरीचं साहित्य महाग, शाळा शहरी. ज्या मुलांना बालशिक्षणाची सगळ्यात जास्त गरज होती, ती या दारापर्यंत पोचतच नव्हती.

म्हणून १९४५ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या बोर्डीला आल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा. त्याच वर्षी याच पट्ट्यात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. आईबाप सावकार-जमीनदाराच्या शेतावर राबणार आणि पोरं गुरांमागे नाहीतर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन, अशी इथली परिस्थिती. ती समजल्याशिवाय पुढचं समजत नाही.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण वस्तीतली मुलं येईनात. इथे दोन रस्ते होते. "यांना शिक्षणाची आवडच नाही" म्हणून मोकळं व्हायचं, जे आपल्याकडे आजही सर्रास म्हटलं जातं. नाहीतर शाळाच बदलायची. ताराबाईंनी शाळा बदलली. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची. हरिजनवाड्यात, आदिवासी पाड्यावर, घरासमोरच्या सारवलेल्या जागेत. आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणी-गोष्टी. महागडं साहित्य बाजूला ठेवलं. शिंपले, दगड, बिया, पानं, फुलं यांवर मोजणी आणि रंगांची ओळख. अंगणात भरते ती अंगणवाडी. आज देशभर सरकारी कागदावर असलेला हा शब्द या कामातून आलेला आहे.

याच वर्षी त्यांना सोबत मिळाली अनुताई वाघ यांची. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग जिद्दीनं शिक्षण आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी. त्याही ती नोकरी मागे ठेवून बोर्डीला आल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. कारण साधं होतं. धाकट्याला सांभाळायला कुणी असेल तरच थोरली बहीण वर्गात बसू शकते. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. गुरं चरतात तिथे शिक्षकानं जायचं. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग.

यातली प्रत्येक गोष्ट "मूल शाळेत का येत नाही?" या एका प्रश्नाचं उत्तर होती.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत काम करत राहिल्या. आणि २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. सहा वर्षांखालील मुलांना पोषण, लसीकरण, तपासणी, पूर्वशिक्षण. तिच्या केंद्राचं नाव होतं अंगणवाडी.

आता कडू भाग.

अंगणवाडीचं नाव सरकारनं घेतलं आणि त्यागाची अपेक्षाही घेतली, ती मात्र दुसऱ्यांकडून. अंगणवाडी सेविका मुलांची वजनं करते, आहार वाटते, गरोदर बायांच्या घरी जाते, वर्ग घेते आणि वर मोबाईल अ‍ॅपमध्ये नोंदी भरते. तिला जे मिळतं त्याला वेतन म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. २०१८ मध्ये केंद्रानं हे मानधन तीन हजारांवरून साडेचार हजार केलं, मदतनिसांचं दीड हजारावरून सव्वादोन हजार. राज्य वर आपली भर घालतं, तेव्हा कुठे आकडा जरा बरा दिसतो. ग्रॅच्युइटीसाठी या बायांना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. एप्रिल २०२२ मध्ये कोर्टानं सांगितलं की त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका बेमुदत संपावर गेल्या, तेव्हा "मुलांचे हाल होतात, यांना सेवाभाव नाही का?" असं बोलणारे मी स्वतः ऐकले.

मला राग येतो तो इथे. ताराबाईंच्या हातात प्राचार्यपद होतं, म्हणून ते सोडता आलं. जिच्या हातात काहीच नाही, तिनं काय सोडायचं? त्याग स्वतःच्या इच्छेनं होतो. दुसऱ्यावर लादला की त्याला वेठ म्हणतात, आणि वेठीचा अर्थ डहाणू-तलासरीच्या माणसाला वेगळा सांगायला नको.

कुणी म्हणेल, म्हणजे नोकरी सोडणाऱ्यांचं कौतुक करायचं नाही का? करा की. पण सोबत विचारा, पुढची दहा वर्षं तो माणूस तिथे आहे का? मुलं आली नाहीत तेव्हा त्यानं दोष मुलांना दिला की स्वतःच्या पद्धतीला? आणि तो गेल्यावर काम चालू राहील अशी सोय केली का? ताराबाई या तिन्हींत उतरल्या.

आणि एक काम करा. या आठवड्यात आपल्या वॉर्डातल्या, गावातल्या अंगणवाडीत जाऊन या. पाणी आहे का, शौचालय आहे का, छत गळतं का, सेविकेचे पैसे वेळेवर येतात का, एवढं विचारा. उत्तरं ग्रामसभेत मांडा, नगरसेवकाला विचारा. नाहीतर इथे कमेंटमध्ये लिहा, आपण मिळून पाठपुरावा करू.