पाटीवरच्या क्रमांकाची कुळकथा

रत्नागिरीतल्या कुठल्याही दवाखान्याच्या पाटीवर किंवा औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांच्या नावाखाली बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक असतो. पेशंट पदवी वाचतो, फी विचारतो, क्रमांकाकडे मात्र ढुंकून बघत नाही. खरं तर डॉक्टरला डॉक्टर ठरवणारा तोच.

या क्रमांकाचा मूळपुरुष विलायती. इंग्लंडने १८५८ साली कायदा करून डॉक्टरांची सरकारी यादी सुरू केली. हिंदुस्थानात ती चाल पहिल्यांदा मुंबई इलाख्याने उचलली, ‘बाँबे मेडिकल अ‍ॅक्ट, १९१२’ करून. मद्रास आणि बंगाल १९१४ साली मागोमाग आले. गंमत अशी, की मुंबईच्या या कायद्याने वैदूगिरीवर बंदी घातलीच नाही. यादीतल्या डॉक्टरचा दाखला सरकारदरबारी चालणार, सरकारी वैद्यकीय नोकरी त्यालाच मिळणार, एवढंच. बाकीच्यांनी खुशाल काढे द्यावेत!

यादीत वैद्य-हकिमांना जागा नव्हती. उलट यादीतल्या माणसाने त्यांच्यात मिसळलेलंही यादी सांभाळणाऱ्या मेडिकल कौन्सिलला खपत नसे. आयुर्वेद महाविद्यालयाशी संबंध ठेवल्याबद्दल पहिल्या काही वर्षांतच मुंबईच्या डॉ. पोपट प्रभुराम यांचं नाव यादीतून काढलं गेलं. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिकला आयुर्वेद महासंमेलन भरवून वैद्यांची एकजूट आधीच सुरू केली होती, त्यामुळे हा अपमान मुकाट गिळला जाणं शक्य नव्हतं.

कोंडी फोडली ती रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाच्या सरकारने. बाळासाहेब खेर १९३७ साली मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला असंच म्हणत) आणि आरोग्यखातं आलं डॉ. गिल्डर या नामांकित हृदयरोगतज्ज्ञाकडे. त्यांच्याच काळात १९३८चा वैद्यक व्यावसायिक कायदा झाला. वैद्य-हकिमांचंही रजिस्टर आलं, आणि त्याबरोबर नोंदणीशिवाय धंदा करायला मनाई. मान मिळाला, मोकळीक गेली.

पण कोकणातल्या वाड्यावस्त्यांवर बापाकडून शिकलेल्या वैद्यबुवांचं काय करायचं? कागद नाही, हात मात्र पिढ्यान्‌पिढ्या बसलेला. त्यांच्यासाठी वेगळी यादी निघाली. पुढे १९६१च्या महाराष्ट्र कायद्यानेही ती ठेवली आणि जुन्या मुंबई भागासाठी अट घातली: ४ नोव्हेंबर १९४१ रोजी माणूस नियमित वैद्यकी करत असला पाहिजे. एका तारखेवर उभं केलेलं हे कुंपण कुणाला ओबडधोबड वाटेल, पण दुसरं मोजमाप सरकारकडे होतं कुठे? याच कायद्याच्या ३३व्या कलमाने बोगस डॉक्टरला तुरुंगवास ठेवला, आणि अधिसूचना काढून एखाद्या भागाला सूट देण्याची मुभाही सरकारने स्वतःकडे राखली. अ‍ॅलोपॅथीसाठी १९६५ साली महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा स्वतंत्र कायदा झाला.

कोणत्या रजिस्टरातल्या माणसाने कोणतं औषध द्यावं, हे भांडण मात्र मिटलं नाही. होमिओपॅथी शिकलेल्या मुंबईच्या एका डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधं दिल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा १९९६ साली न्यायालयाने त्याला निष्काळजी ठरवलं. राज्याने पुढे २०१४ साली औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांसाठी दार किलकिलं केलं, आणि वाद नव्याने पेटला.

कौन्सिलच्या नोंदणीचं आता दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, त्यासाठी व्याख्यानं-परिषदांना बसून ३० गुण जमवावे लागतात. रत्नागिरीत २०२३ साली १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथल्या मुलांना साडेचार वर्षांच्या अभ्यासानंतर आंतरवासितेसाठी आधी तात्पुरती नोंदणी मिळेल. कायमचा क्रमांक त्यानंतर, आणि तो मुंबईहूनच.