दुप्पट भाडे देऊनही न मिळालेले पाणी : पॅरिसचे रेस्तराँ, पेशवाईची पंगत आणि सातारा–सांगली

१/
फ्रेंच पद्धतीच्या उंची रेस्तराँमध्ये पाऊल ठेवताच दार उघडले जाते, खुर्ची अदबीने मागे ओढली जाते आणि पेल्यातले पाणी संपण्याआधीच पुन्हा भरले जाते. जग याला ‘उत्तम सेवा’ म्हणते. ही सेवा जन्मली कोठे आणि सातारा–सांगलीच्या भूमीत तिची कसोटी कशी लागली, याचा हा मागोवा. (थ्रेड)

२/
‘रेस्तराँ’ हे मुळात जागेचे नाव नव्हेच. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ होता तरतरी आणणारे, शक्ती परत देणारे. अठराव्या शतकातील पॅरिसमध्ये मांसाचा आटवलेला सकस रस या नावाने ओळखला जाई. १७६० च्या दशकात असा रस देणारी स्वतंत्र घरे निघाली आणि पदार्थाचे नाव हळूहळू घराला चिकटले.

३/
त्यापूर्वी पॅरिसमध्ये बाहेर जेवणे म्हणजे खाणावळीतल्या लांबलचक मेजावर, ठरलेल्या वेळी, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून जे शिजले असेल ते खाणे. नव्या घरांनी तीन गोष्टी दिल्या : प्रत्येकाला वेगळे मेज, पदार्थांची यादी आणि त्या यादीत पदार्थापुढे लिहिलेली किंमत.

४/
या व्यवसायाला राजवाड्याचा थाट दिला तो आंत्वान बोव्हिलिए याने. फ्रान्सच्या राजाच्या भावाच्या मुदपाकखान्यात काम केलेल्या या आचाऱ्याने १७८० च्या दशकात पॅरिसमध्ये भोजनगृह उघडले. सुंदर दालन, नीटनेटक्या पोशाखातले वाढपी, जपून राखलेले मद्य आणि अव्वल स्वयंपाक ही त्याची ख्याती होती.

५/
ब्रिया-साव्हारँ या फ्रेंच लेखकाने १८२५ च्या आपल्या ग्रंथात बोव्हिलिएची एक खुबी नोंदवली आहे. एक-दोनदा येऊन गेलेला माणूस वीस वर्षांनी परत आला, तरी तो त्याला ओळखत असे. कोणता पदार्थ घ्यावा आणि कोणता टाळावा, हे तो मेजाजवळ येऊन स्वतः सांगे. गिऱ्हाइकाला पाहुण्याचा मान देणे, हे त्याचे खरे भांडवल.

६/
यात एक मोठा सामाजिक बदल दडलेला होता. जे अन्न आणि जी अदब काल केवळ सरदाराच्या वाड्यात मिळे, ती आज पैसे मोजणाऱ्या कोणालाही मिळू लागली. गरिबाला ते दार बंदच होते, हे खरे. परंतु दारात प्रश्न खिशाचा विचारला जाई, कुळाचा नव्हे.

७/
नेमक्या त्याच दशकात, १७८३ मध्ये, पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचा विवाह झाला. नाना फडणवीसांच्या देखरेखीखालील त्या सोहळ्याच्या बंदोबस्ताची तपशीलवार याद इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. कोणाला बोलवावे, कोणाचा मान कसा राखावा, पाहुण्यांची सरबराई कशी व्हावी, याचा विचार तीत बारकाईने केलेला दिसतो.

८/
मराठी पंगत ही सेवेची पूर्ण विकसित कलाच होती. पानाच्या वरच्या बाजूस मध्यभागी मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये वरणभात आणि त्यावर तूप. पानाभोवती रांगोळी, शेजारी तांब्या-भांडे. सोवळ्यातले वाढपी ठरल्या क्रमाने येत. यजमान पंगतीतून फिरत आग्रह करी, आणि सर्वांचे आटोपल्याविना कोणी उठत नसे.

९/
गंमत अशी की, त्या काळी फ्रान्समधील शाही मेजवानीत अनेक पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडून ठेवत आणि ज्याच्या हाताशी जे येईल ते तो घेई. एकामागून एक पदार्थ आणून प्रत्येकाला वाढण्याची रीत युरोपात एकोणिसाव्या शतकात ‘रशियन पद्धत’ म्हणून रुळली. पंगतीच्या वाढप्याला ती नवी नव्हती.

१०/
मात्र पंगतीला विकत घेता येणारी जागा नव्हती. तेथे आमंत्रण लागे, आणि आमंत्रणाच्याही आधी जात लागे. पेशव्यांचे मातबर सरदार पटवर्धन ज्या पंगतीत मानाने बसत, तिच्या जवळपास फिरकण्याचीही अनेकांना मुभा नव्हती. याच पटवर्धनांपैकी चिंतामणरावांनी १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे होऊन सांगली संस्थानाचा पाया घातला.

११/
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या छायेत गादीवर बसले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना सह्याद्रीवरचे थंड हवेचे ठिकाण हवे होते. १८२९ च्या करारानुसार खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वर इंग्रजांकडे आले. साहेबाबरोबर साहेबाचे मेजही सातारच्या डोंगरावर चढले.

१२/
त्या मेजासाठी भाजीपाला पिकवला कोणी? महाबळेश्वरच्या तुरुंगात पूर्वेकडील ब्रिटिश वसाहतींतून आणलेले चिनी व मलायी कैदी ठेवले जात. बटाटे व इतर विलायती भाज्यांचे मळे त्यांनी फुलवले. हा तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला, परंतु तेथील ‘चायनामन्स फॉल’ हा धबधबा आजही त्यांची आठवण नावात बाळगून आहे.

१३/
एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचे उच्चभ्रू भोजन फ्रेंच वळणाचेच असे. ‘वायव्हर्न’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कर्नल केनी-हर्बर्टने १८७८ च्या आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकातून हिंदुस्थानातील साहेबांच्या घरांना हेच वळण शिकवले. मुंबई इलाख्यात ते प्रत्यक्ष रांधणारे आणि वाढणारे हात बहुधा गोव्याच्या ख्रिस्ती आचाऱ्यांचे व बटलरांचे होते.

१४/
त्या मेजावर बसणे ‘नेटिव्ह’ माणसासाठी सोपे नव्हते, आणि स्वसमाजाचे कुंपणही तितकेच उंच होते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी घेतली नाहीत. गोपाळराव जोशी यांनी नावे छापवून आणली, प्रकरण शंकराचार्यांच्या आयोगापुढे गेले आणि प्रायश्चित्तापर्यंत पोहोचले.

१५/
एका पेल्याची ही किंमत समाजाच्या सर्वांत वरच्या थरातली. सर्वांत खालच्या थरात काय घडत होते, हे १९०१ मधला सातारा सांगतो. वडील रामजी हे खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांना भेटण्यासाठी साताऱ्याहून घरातली मुले आगगाडीने निघाली. त्यांत शाळकरी भीमराव होता.

१६/
नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, सोबत फराळाचा डबा. मसूर स्थानकावर उतरलेल्या या मुलांची स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, ती ‘महार’ हा शब्द ऐकेपर्यंत. त्यानंतर एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बरोबर पायी चालायचे, या अटीवर.

१७/
डब्यात अन्न होते, पण प्यायला पाणी नव्हते. वाटेतल्या नदीचे पाणी शेणामुताने गढूळलेले. रात्री टोलनाक्यावर त्यांनी पाणी मागितले, तेही आपली जात लपवून. नाकेदाराने दिले नाही. भरल्या डब्याशेजारी मुले उपाशी झोपली. पुढे डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात हा प्रसंग सविस्तर नोंदवला.

१८/
बोव्हिलिएच्या दारात पैसा पुरेसा होता. मसूरच्या स्थानकावर दुप्पट पैसाही अपुरा ठरला. आणि हा अनुभव बालपणापुरता राहिला नाही. न्यूयॉर्क-लंडनमध्ये शिकून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या आंबेडकरांना हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. पारशी नावाने ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. भाडे देत असूनही अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले.

१९/
याच काळात शेजारच्या कोल्हापुरात वेगळा प्रयोग झाला. गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले आणि लवाजम्यासह त्या ‘सत्यसुधारक’ हॉटेलात जाऊन स्वतः चहा घेतला. राजाच गिऱ्हाईक झाल्यावर इतरांना नाक मुरडणे अवघड झाले.

२०/
सांगली-सातारा भागात हे काम एका बिनपैशाच्या पंगतीने पुढे नेले. आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे भाऊराव पाटील यांनी तरुणपणी मिरज तालुक्यातील दूधगावच्या वसतिगृहाच्या कार्यात भाग घेतला. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली.

२१/
साताऱ्याच्या वसतिगृहात मराठा, महार, जैन, मुसलमान मुले एकत्र रांधत आणि एका पंगतीला बसत. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. जेथे १९०१ मध्ये पाणी मिळाले नव्हते, त्याच जिल्ह्यात हे घडत होते.

२२/
येथे पांढरे मेजपोस नव्हते, पदार्थांची यादी नव्हती, भाकरीबरोबर मिळेल ते कालवण होते. तरीही सेवेचा पहिला नियम येथे पाळला जात होता : समोर बसलेला माणूस वाढण्यास योग्य आहे, हे आधी मान्य करायचे. तेवढे मान्य नसेल, तर चांदीचे चमचेही निरुपयोगी ठरतात.

२३/
२९ नोव्हेंबर १९४८. संविधान सभेत भेदभावाला मनाई करणाऱ्या कलमावर चर्चा सुरू होती. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश नाकारता येणार नाही, असे ते कलम. इंग्रजी मसुद्यात शब्द होता ‘रेस्टॉरंट’. पॅरिसच्या त्या सकस रसाचे नाव भारताच्या मूलभूत हक्कांत येऊन पोहोचले होते.

२४/
‘दुकान’ म्हणजे काय, असा प्रश्न सभासदांनी उपस्थित केला. डॉ. आंबेडकरांनी त्याचा अतिशय व्यापक अर्थ सांगितला : सेवा मागत येणाऱ्या कोणालाही ती देण्यास मालक जेथे तयार असतो, ते ठिकाण. अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही सभेने त्याच दिवशी संमत केले. मसूरच्या स्थानकावर ताटकळलेल्या मुलाने सेवेची ही व्याख्या देशाला दिली.

२५/
पुढे १९४९ मध्ये साताऱ्याचा दक्षिण भाग आणि सांगली-मिरजेची संस्थाने मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, सांगलीच्या बेदाण्यालाही ते मिळाले आहे, आणि पलूसला वाइन पार्क उभारले गेले. फ्रेंच मेजावर शोभणारे बरेच काही आता याच मातीत पिकते.

२६/
म्हणूनच एखाद्या उंची रेस्तराँमध्ये न मागता पेला भरला जातो, तेव्हा ती केवळ वाढप्याची तत्परता नसते. त्या पेल्यामागे बोव्हिलिएची अदब आहे, पंगतीतल्या वाढप्याची शिस्त आहे आणि लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्रही आहे. सातारच्या वाटेवर रात्रभर तहानलेल्या मुलांची आठवण राहिली, तर त्या पाण्याचे मोल बिलातल्या आकड्याहून फार मोठे आहे, हे ध्यानात येईल. (समाप्त)