विहीर उपसणे

विहीर उपसणे म्हणजे विहिरीत साचलेले पाणी बाहेर काढून तळाचा गाळ व केरकचरा दूर करणे आणि विहीर पुन्हा वापरण्यायोग्य करणे होय. महाराष्ट्राच्या पठारी भागात हे काम सामान्यतः चैत्र-वैशाखात, पाण्याची पातळी खालावलेली असताना, पावसाळ्यापूर्वी केले जाते. थंड हवेच्या देशांत हिवाळ्यानंतर घरगुती जलतरण तलाव स्वच्छ करून खुले करतात. पोहण्याच्या विहिरींच्या बाबतीत दोन्ही कामांत बरेच साम्य आहे.

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण आहे. सोलापूर–अक्कलकोट मार्गावरील वळसंग (ता. दक्षिण सोलापूर) व आसपासच्या गावांत विहीर हा पाण्याचा जुना आधार होय. येथील भूस्तर बेसाल्ट खडकाचा असून भूजल मुख्यतः मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत साठते. गाळामुळे झऱ्यांची तोंडे बुजली की विहिरीचा येवा घटतो. म्हणून उपसा केवळ स्वच्छतेसाठी नव्हे, तर पाणी वाढावे यासाठीही केला जातो.

कामाचा क्रम

पूर्वी पाणी मोटेने उपसत. आता विद्युत पंप वापरतात. पाणी तळाला गेल्यावर गाळ घमेल्यांत भरून दोराने किंवा यारीने वर काढला जातो. त्यानंतर झऱ्यांची तोंडे मोकळी करतात, बांधकामातून फुटलेली पिंपळ-उंबराची रोपे मुळासकट काढतात आणि निसटलेले दगड पुन्हा बसवतात. कठडा व भोवतालचा उतार दुरुस्त केल्यास पावसाचे गढूळ पाणी आत येत नाही. घातक सांडपाणी मिसळलेले नसल्यास निघालेला गाळ शेतात पसरता येतो.

सुरक्षितता

बंद किंवा दीर्घकाळ न वापरलेल्या विहिरीत प्राणवायूची कमतरता असू शकते. कुजणाऱ्या गाळातून कार्बन डायऑक्साइड, मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू निर्माण होतात. जळता कंदील खाली सोडून पाहण्याची पद्धत जुनी आहे. परंतु ज्योत टिकली म्हणून हवा सुरक्षित ठरत नाही. विषारी वायूची घातक मात्रा ज्योतीवरून कळत नाही आणि ज्वालाग्राही वायू असल्यास स्फोटाचा धोका असतो. वायुमापक यंत्राने तपासणी व यांत्रिक पंख्याने वायुवीजन केल्याशिवाय कोणीही उतरू नये. डिझेल इंजिन विहिरीत उतरवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. माणूस उतरण्यापूर्वी विद्युत पंपाचा पुरवठा तोडणे आवश्यक असते. उतरणाऱ्याच्या अंगाला सुरक्षा पट्टा व दोर बांधलेला असावा आणि काठावर माणसे हजर असावीत. आत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे तसेच उतरणे हे अशा दुर्घटनांत बळींची संख्या वाढण्याचे प्रमुख कारण आहे. अशा वेळी ११२ या क्रमांकावर मदत मागवावी.

निर्जंतुकीकरण

नवे पाणी भरल्यावर विरंजक चूर्ण (ब्लीचिंग पावडर) वापरतात. गोल विहिरीतील पाण्याचे घनफळ ३.१४ × व्यास × व्यास × पाण्याची खोली ÷ ४ या सूत्राने काढतात. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. चांगल्या प्रतीचे चूर्ण १,००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम लागते. उदाहरणार्थ, ६ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे १,१३,००० लिटर पाणी असते व तिला सुमारे २८३ ग्रॅम चूर्ण पुरते. पाणी गढूळ असल्यास मात्रा वाढते. चूर्ण बादलीत कालवून चुना तळाला बसू देतात आणि वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून वरखाली हलवतात. किमान एक तासानंतर पाण्यातील शिल्लक क्लोरीन तपासतात. ते प्रतिलिटर ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास असावे.

पोहणे व आरोग्य

उन्हाळ्याच्या सुटीत मुले पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून विहिरीत पोहायला शिकत. उपसलेल्या विहिरीची बदललेली खोली व तळातील दगड पाहिल्याशिवाय सूर मारणे धोक्याचे असते. पिण्याच्या विहिरीत मात्र पोहू नये. पायविहिरींत उतरणाऱ्या रुग्णांच्या पायांवरील जखमांतून नारूच्या कृमीच्या अळ्या पाण्यात मिसळत आणि ते पाणी पिणाऱ्यांना रोग जडे. अशा विहिरींच्या पायऱ्या बंद करणे, पाणी गाळून पिणे इत्यादी उपायांमुळे भारत २००० साली नारूमुक्त घोषित झाला.

सामाजिक संदर्भ

पाणवठा स्वच्छ करणे आणि तो सर्वांसाठी खुला असणे या भिन्न गोष्टी आहेत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. त्या विधीचा आरोग्याशी संबंध नव्हता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या बाजूने निर्णय दिला. वळसंग येथील एक विहीरही डॉ. आंबेडकरांच्या भेटीमुळे परिचित आहे.