निद्रानाश : लक्षण की व्याधी?

रॉबर्ट बर्टनचा 'द ॲनाटमी ऑफ मेलन्कली' हा ग्रंथ १६२१ साली प्रसिद्ध झाला. साहित्याचे विद्यार्थी त्याकडे इंग्रजी गद्याचा एक अजब नमुना म्हणून पाहतात. त्यात बर्टनने नोंदवलेली एक गोष्ट मात्र वैद्यकाच्या इतिहासातही महत्त्वाची आहे. त्याच्या मते जागरण हे विषादाचे लक्षण आहे आणि कारणही. हे दुहेरी नाते पुन्हा मान्य व्हायला पुढे जवळजवळ चार शतके जावी लागली.

विसाव्या शतकातील मानसोपचाराने निद्रानाशाचे 'प्राथमिक' आणि 'दुय्यम' असे दोन वर्ग पाडले. चिंता किंवा नैराश्य यांच्यासोबत आलेला निद्रानाश दुय्यम ठरला. मूळ आजार बरा झाला की झोप आपोआप येईल, असे गृहीत धरले गेले. "डोळ्याला डोळा लागत नाही" असे रुग्ण सांगे आणि वैद्य त्यात दुसऱ्याच कशाची तरी खूण वाचत असे. १९८९ साली फोर्ड आणि कॅमेरो यांच्या अमेरिकेतील पाहणीने या वाचनाला धक्का दिला. वर्षभराच्या अंतराने घेतलेल्या दोन्ही मुलाखतींत ज्यांनी झोपेची तक्रार केली, त्यांना नव्याने नैराश्य जडण्याचा धोका बराच अधिक आढळला. अखेर २०१३ साली 'डीएसएम-५' या निदानसंहितेने प्राथमिक-दुय्यम हा भेदच काढून टाकला.

दरम्यान उपचार घडत होता. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितले की, अंथरूण फक्त झोपेसाठी असावे. झोप येत नसेल तर उठावे. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये अंथरुणातला वेळच कमी करण्याची पद्धत मांडली. झोपेविषयीच्या भयग्रस्त विचारांची तपासणी त्यांना जोडली गेली. अडचण होती ती हे शिकवणाऱ्यांच्या तुटवड्याची. औषधाची गोळी मात्र सहज मिळत होती.

येथे आंतरजाल उपयोगी पडले. २००४ साली स्वीडनमध्ये या उपचाराची आंतरजालावरील चाचणी प्रसिद्ध झाली. २०१६ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत निद्रानाश आणि नैराश्याची सौम्य लक्षणे असलेले १,१४९ जण होते. त्यांतल्या ज्यांना झोपेचा कार्यक्रम मिळाला, त्यांच्या नैराश्याची लक्षणेही उतरली. २०१७ मध्ये ब्रिटनमधील २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवरील चाचणीत झोपेबरोबर चिंता आणि नैराश्यही काहीसे कमी झाले. बर्टनचे 'कारणही' असे सिद्धीस गेले.

या यशाची दुसरी बाजूही पाहायला हवी. ऑस्ट्रेलियातील चाचणीत सहा आठवड्यांनंतरची प्रश्नावली सुमारे निम्म्याच लोकांनी भरली. ज्यांना उन्मादाचे झटके येतात, त्यांच्यात झोपेची काटछाट झटक्याला निमंत्रण देऊ शकते. तेथे जाणत्या माणसाची देखरेख हवीच.

या उपचाराचा पाया मात्र एक लेखनप्रकार आहे: निद्रा-रोजनिशी. किती वाजता पडलो, केव्हा डोळा लागला, किती वेळा जाग आली, हे रुग्ण रोज सकाळी लिहितो, आणि उपचार त्या नोंदींवरून पुढे सरकतो. ज्या तक्रारीला इतकी वर्षे दुय्यम म्हटले गेले, ती येथे प्रथमच शब्दशः वाचली जाते. संहितेवर आपला अर्थ लादण्यापूर्वी ती नीट वाचावी, हे आपण वर्गात शिकवतो. वैद्यकाला तोच धडा रुग्णाच्या शब्दांबाबत गिरवावा लागला.