आठ जातींची कुळकथा

घोडबंदर रस्त्यावरचा मानपाडा असो की डोंबिवलीचा मानपाडा रोड, संध्याकाळच्या इंग्रजीच्या क्लासात पहिला धडा ठरलेला असतो: पार्ट्स ऑफ स्पीच. नाउन, प्रोनाउन, अ‍ॅडजेक्टिव्ह... मराठी शाळेतली मुलं हे नवं म्हणून घोकतात. खरं तर नाम, सर्वनाम, विशेषण ही शब्दांच्या आठ जातींची यादी त्यांनी मराठीच्या तासाला पाठ केलेलीच असते. दोन्ही याद्या एकाच घराण्यातल्या आहेत.

हे घराणं संस्कृतचं नव्हे. संस्कृतात यास्काने शब्दांचे चारच वर्ग सांगितले होते: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आठांचा हिशेब ग्रीकांचा. त्यांच्या आठांत आर्टिकल, म्हणजे इंग्रजी ‘द’सारखा शब्द, होतं. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही. तेव्हा रोमन वैयाकरणांनी ते गाळलं आणि उद्गारवाचक शब्दांचा वेगळा वर्ग करून संख्या आठच राखली! आपल्या ‘अरेरे’ आणि ‘शाब्बास’ला व्याकरणात स्वतंत्र खोली मिळाली आहे, तिचं मूळ या जुळवाजुळवीत आहे.

पुढे लॅटिनचा हा साचा इंग्रजीवर बसवला गेला. मूळचा अमेरिकन, पण यॉर्कजवळ स्थायिक झालेला लिंडले मरे याने 1795 साली इंग्रजीचं शालेय व्याकरण छापलं. इंग्रजीत आर्टिकल असल्यामुळे त्याच्या यादीत नऊ जाती झाल्या. ते पुस्तक इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चाललं.

मराठीचं व्याकरण विल्यम केरीने 1805 मध्ये लिहिलं होतं, पण इंग्रजीतून आणि परक्यांना मराठी शिकवण्यासाठी. मराठी मुलांसाठी मराठीतून व्याकरण लिहिलं ते दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी, 1836 साली, वयाच्या बाविशीत. त्यांच्यासमोर नमुना होता मरेचा. मरेच्या नऊ जातींतून आर्टिकल वजा करा, आपल्या आठ उरतात. इंग्रजीतलं प्रिपोझिशन नामाच्या आधी येतं, आपलं ‘झाडाखाली’तलं ‘खाली’ नंतर येतं, तरी खण तोच. मोरो केशव दामल्यांनी 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त पुष्कळ काही खोदून तपासलं, अरविंद मंगरूळकरांनी 1964 मध्ये ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ मांडला. शाळेतल्या आठ जाती मात्र जागच्या हलल्या नाहीत. मला त्या फार शास्त्रीय वाटत नाहीत, पण सोयीच्या नक्कीच आहेत.

म्हणून क्लास घेणाऱ्यांना एक सांगणं आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला नाउन, व्हर्ब शिकवण्यात महिना घालवू नका. नाम आणि क्रियापद त्याला येतं, तेवढी आठवण करून द्या. तो अडतो ‘ए’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’पाशी, कारण त्यांच्या जोडीचं त्याच्या मराठीत काहीच नाही. वाचलेला महिना तिथे द्या.