फिल्टरमधला कोळसा: हाडापासून करवंटीपर्यंत



स्वयंपाकघरातल्या काही चिमण्यांत आणि एअर प्युरिफायरमध्ये एक काळा फिल्टर असतो. त्यातले सक्रिय कोळशाचे दाणे हवेतला वास धरून ठेवतात. दाणे भरले की वास घरभर फिरू लागतो. फिल्टरची पेटी उघडणारी असेल तर ती टाकून न देता नुसता कोळसा बदलता येतो. नवा कोळसा घेताना मी दुकानदाराला विचारतेच, "हा कशापासून केलाय?" त्याला हा प्रश्न विचित्र वाटतो. पण आपल्याला तो का पडावा, हे कोळशाच्या इतिहासात आहे.

1785 साली रशियात सेंट पीटर्सबर्गच्या टोबियास लोविट्झ या औषधशास्त्रज्ञाला दिसले, की कोळशाची पूड मळकट द्रवाचा रंग काढून घेते. युरोपातल्या साखर कारखान्यांनी ही युक्ती उचलली. पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, त्यांना लाकडी कोळशापेक्षा जनावरांच्या हाडांचा कोळसा जास्त उपयोगी वाटला. पांढऱ्याशुभ्र साखरेमागे हाडे होती! परदेशात काही ठिकाणी ही पद्धत अजून आहे. आपल्याकडचे बहुतेक कारखाने मात्र चुना आणि गंधक वापरून रस स्वच्छ करतात.

हवेसाठी कोळसा वापरण्याचे श्रेय बरेचसे जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. 1854 मध्ये त्यांनी लाकडी कोळसा भरलेला श्वासाचा मुखवटा लोकांपुढे मांडला. हवा गाळण्यासाठी कोळशाचे फिल्टरही त्यांनी केले. पुढे 1900-01 च्या सुमारास ऑस्ट्रेको यांनी कोळसा वाफेने तापवून त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. यालाच सक्रिय कोळसा म्हणतात. एका ग्रॅमच्या आतल्या छिद्रांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. मी कॉमर्सची, पण हा आकडा वाचून थक्क झाले.

मग पहिले महायुद्ध आले. एप्रिल 1915 मध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला आणि माणसे श्वासावाचून तडफडली. त्याच वर्षी रशियात झेलिन्स्की यांनी कोळशाचा मुखवटा तयार केला. अमेरिकेला मुखवट्यांसाठी टणक, बारीक छिद्रांचा कोळसा हवा होता. नारळाची करवंटी त्याला उत्तम, पण ती पुरेना. म्हणून 1918 मध्ये तिथल्या घराघरांतून पीचच्या बिया आणि अक्रोडासारख्या फळांची टरफले गोळा करण्यात आली. बायकामुलांनी साठवलेल्या कचऱ्यातून सैनिकांचा श्वास वाचवायचा होता.

म्हणजे एकाच कामासाठी माणसाने हाडही जाळले आणि करवंटीही. आज हवेच्या फिल्टरसाठी बहुधा करवंटी, दगडी कोळसा किंवा लाकूड यांचाच कोळसा येतो. हाडांचा मुख्यतः साखरेला आणि पाण्याला लागतो. तरी विचारून घ्यावे. करवंटीचा म्हटला, की मन निःशंक होते.

आता भरण्याचे. जुना कोळसा धुऊन किंवा उन्हात टाकून पुन्हा नवा होत नाही. त्यासाठी कारखान्यात आठशे-नऊशे अंशांची भट्टी लागते. पेटी उघडण्याआधी कोपऱ्यात एखादा जीव नाही ना, ते यत्नपूर्वक पाहा. जुन्या दाण्यांच्याच आकाराचे नवे घ्या. बाल्कनीत, नाकाला फडके बांधून चाळा, नाहीतर काळी धूळ घरात उडेल. भरताना पेटी हलकेच ठोकत राहा. दाण्यांत पोकळी राहिली, तर हवा तिथूनच निसटते आणि वास तसाच राहतो.

प्लास्टिकची धड पेटी फेकणे हा अपरिग्रह नाही, निष्काळजीपणा आहे. आणि घरातल्या शुद्ध हवेसाठी कोणाचे हाड जळले नाही, एवढी चौकशी करणे हा विवेक आहे. पुढच्या वेळी दुकानात तो प्रश्न तुम्हीही विचारा. दोघी-चौघींनी विचारला, की दुकानदार उत्तर शोधून ठेवेल.